कोकणात शाळेचं वर्ष संपताना: नव्याने आलेल्या पालकांसाठी एप्रिल ते जूनची तयारी

बदली, नोकरी, बागायत किंवा मुंबईचं बिऱ्हाड मोडून गावी परत येणं, कारण काहीही असो, कोकणातल्या शाळेत मुलाचं हे पहिलंच वर्ष असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आम्ही घाटावरची माणसं. नवऱ्याच्या बदलीमुळे दापोली तालुक्यात आलो, मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत घातली आणि पुढे मी शाळा व्यवस्थापन समितीवर गेले. एप्रिल लागला की नव्या पालकांचे फोन सुरू होतात. निकाल कधी, दाखला कसा, सुट्टी किती, मुलांना समुद्रावर पाठवू का, पावसात शाळा भरते का. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून काढलेलं बरं.

इथे वर्षअखेरीची कामं घाईने उरकावी लागतात, त्याचं कारण साधं आहे. आमच्या भागातले निम्मे शिक्षक बाहेरच्या जिल्ह्यांतले. निकाल लागला की ते बॅगा भरून गावी जातात आणि मुख्याध्यापकांच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याबरोबर जाते. शाळेला पुन्हा जाग येते ती जूनच्या मध्यावर, आणि तोवर पाऊस दारात असतो. म्हणजे कागदाचं काम एप्रिलमध्ये, मुलांची काळजी मेमध्ये आणि घराची-रस्त्याची तयारी मेअखेर, असा हा क्रम आहे.

१. आधी तारखा लक्षात घ्या

वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, निकाल बहुतेक शाळांत १ मेला, महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनानंतर. त्या दिवशी पालकांनी स्वतः जावं. शेजारच्या मुलाबरोबर प्रगतिपुस्तक मागवू नका, कारण वर्गशिक्षकांशी निवांत बोलायची वर्षातली ती शेवटची संधी असते. २ मेपासून सुट्टी, आणि विदर्भ सोडून बाकी राज्यात शाळा साधारण १५ जूनला सुरू होतात. १५ तारीख रविवारी आली तर सोमवारी.

नव्या माणसाला इथल्या सुट्ट्यांचा हिशेब आधी कळत नाही. शाळांच्या वर्षभराच्या सुट्ट्यांना ७६ दिवसांची मर्यादा आहे. कोकणात गणपतीला घसघशीत सुट्टी द्यावीच लागते, नाहीतर वर्ग रिकामेच राहतात. म्हणून ते दिवस उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीतून कापले जातात. तुमच्या घाटावरच्या भावाच्या मुलांची आणि तुमच्या मुलांची सुट्टी जुळेलच असं नाही. शाळेकडून सुट्ट्यांची यादी एप्रिलमध्येच मागून घ्या, मग रेल्वेचं तिकीट काढा. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मेमधल्या गाड्या उघडताक्षणी भरतात. परतीचा प्रवास जूनच्या पहिल्या आठवड्यातच उरका. त्यानंतर गाड्यांचं पावसाळी वेळापत्रक लागतं आणि सगळं हळू होतं.

२. १ मेपर्यंत हातात हवेत असे कागद

शाळा बदलायची नसली तरी हे करून ठेवा:

- सही-शिक्क्यासह प्रगतिपुस्तक आणि त्याची झेरॉक्स
- बोनाफाईडच्या दोन प्रती (मेमध्ये आधार दुरुस्ती, बँक खातं, शिष्यवृत्ती यांपैकी कशाला तरी लागतोच)
- मुलाचा पेन क्रमांक, म्हणजे युडायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतला कायमचा विद्यार्थी क्रमांक, आणि काढला असेल तर अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक
- शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नोंदीचा मोबाईलवर फोटो, मुख्याध्यापकांना विचारून

शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. जनरल रजिस्टर म्हणजे लाल कापडी पाठीचं ते जाडजूड बाड. त्यात मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मस्थळ, जात, आधीची शाळा असं सगळं एका ओळीत लिहिलेलं असतं. उद्या दाखल्यावर जे उतरतं ते इथूनच. ‘साक्षी’चं ‘साक्क्षी’ झालेलं, जन्मस्थळाच्या रकान्यात तालुका एक आणि जिल्हा दुसराच, जातीच्या रकान्यात पोटजात राहिलेली, अशा चुका मी स्वतः पाहिल्या आहेत. मूल शाळेत शिकत असतं तोवर अर्ज आणि पुरावे देऊन, शिक्षण विभागाच्या परवानगीने दुरुस्ती होते. नाव कमी झाल्यावर हेच काम करायला घ्याल तर पंचायत समिती ते जिल्हा परिषद अशा चकरा सुरू होतात. आणि पुढे जात पडताळणीच्या वेळी समिती नेमकं हेच रजिस्टर मागते. म्हणून दहा मिनिटं काढा आणि आधार, जन्मदाखला आणि रजिस्टर ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

३. शाळा बदलायची असेल तर

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्यात नव्या शाळेचं नाव आणि शक्य असेल तर तिचा युडायस क्रमांक लिहा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला की तिथेच उभं राहून वाचा. राज्याबाहेर जाणार असाल, कोकणातून गोव्यात किंवा कर्नाटकात बरेच जण जातात, तर दाखल्यावर शिक्षण विभागाची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. ती निघण्याआधीच करून घ्या, पणजीहून परत यायची वेळ येऊ देऊ नका.

कागदी दाखला मिळाला म्हणजे काम संपलं असं लोकांना वाटतं. संपत नाही. जुन्या शाळेने युडायस प्लसवर मुलाची नोंद ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकावी लागते, तेव्हाच नवी शाळा पेन क्रमांक घालून ती आपल्याकडे घेऊ शकते. जुन्या शाळेने हे केलं नाही तर मूल बसतं एका शाळेत आणि संगणकात दिसतं दुसऱ्या शाळेत. मग नवी शाळा तुम्हालाच फोन करत राहते. दाखला घेतानाच विचारा, “सर, ड्रॉपबॉक्सला टाकलंत का?” आणि स्क्रीनचा फोटो घ्या.

शाळा टाळाटाळ का करते हेही समजून घ्या. इथल्या कितीतरी वाड्यांवरच्या शाळांचा पट वीसच्या आत आहे, काहींचा दहाच्याही. पट घसरला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं, कधी शाळाच शेजारच्या शाळेत मिसळायची चर्चा सुरू होते. त्यामुळे “एक वर्ष थांबा ना, वहिनी” अशी गळ घातली जाते. ती गळ मनापासूनची असते आणि माझा कल खरं तर त्यांच्याच बाजूने आहे. वाडीतली शाळा एकदा बंद पडली की ती पुन्हा उघडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण निर्णय तुमचा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून नवी शाळा आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. दोन्ही बाजूंना हे नम्रपणे, पण लेखी सांगता येतं. तिथे अडलं तर पुढची पायरी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, आणि त्यांच्यावर पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. थेट आमदारांना फोन लावायची पद्धत आहे, पण त्याने काम लवकर होतंच असं नाही. गावात वैर मात्र नक्की होतं.

पहिलीत घालायचं असेल तर ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होतात का ते पाहा, आणि शाळेत ‘पहिले पाऊल’चा शाळापूर्व तयारी मेळावा कधी आहे ते विचारा. मेळाव्याला मुलाला न्याच. भिंतीबाहेर रडणारी मुलं त्या एका दिवसात शाळेला सरावतात.

४. पाचवी आणि आठवीचे पालक

“आठवीपर्यंत नापास करत नाहीत” हे आता अर्धंच खरं आहे. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. मूल अनुत्तीर्ण झालं तर जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा. तिच्यातही कमी पडलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. निकाल घेताना फेरपरीक्षेचा दिवस लिहून घ्या. मूल मामाच्या गावी आणि परीक्षा शाळेत, असा घोळ दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी होतो.

५. सुट्टीत मूल कोणाच्या नजरेखाली आहे

मेमध्ये कोकणातलं घर माणसांनी भरतं. मुंबईचे चाकरमानी येतात, लग्नं, गोंधळ, सत्यनारायण, आंब्याची काढणी. घरात वीस माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी मुलांकडे बघतोय. मुलं हरवतात, पडतात, पाण्याकडे जातात ती अशाच दिवशी. आमच्या शेजारच्या काकींनी यावर सोपा तोडगा काढलाय. सकाळी चहाच्या वेळीच त्या जाहीर करतात, “आज पोरं सुमनकडे.” मग दिवसभर आंब्याच्या पेट्यांना सुमन हात लावत नाही, फक्त पोरं सांभाळते.

स्पर्शाबद्दल मुलांशी बोलायची वेळही हीच, सुट्टी लागायच्या आधी. ओळखीच्या माणसालाही नाही म्हणता येतं, आणि कोणी काही गुपित ठेवायला सांगितलं तर ते आईला सांगायचं, इतकं साध्या शब्दांत सांगा. शाळांमध्ये यासाठी सखी सावित्री समिती असायला हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी याबद्दल शासनाने पुन्हा कडक आदेश दिले. तुमच्या शाळेत समिती कागदावर आहे की खरी, हे निकालाच्या दिवशी विचारा. सदस्यांची नावं फलकावर असली पाहिजेत. गैरप्रकार घडला तर ‘गावात बोभाटा नको’ म्हणून बैठकीत मिटवायला जाऊ नका. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याने माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवायची जबाबदारी टाकली आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, दिवसरात्र चालू असते.

६. पाणी

या यादीत सगळ्यात जास्त जागा मी यालाच देणार.

घाटावरच्या माणसाला पाणी म्हणजे नदी आणि विहीर. इथे समुद्र, खाडी, पऱ्या (म्हणजे ओढा), विहीर आणि चिरेखाण (म्हणजे जांभ्या दगडाची खाण) अशी पाच पाणी आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

समुद्राचं गणित तिथीवर चालतं. इथली जुनी माणसं एक आडाखा वापरतात: तिथीची पाऊणपट करा, येईल ती भरती पुरी होण्याची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. सकाळी एक आणि साधारण बारा-साडेबारा तासांनी दुसरी. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आडाखाच आहे, मिनिटाचा हिशेब नव्हे, पण दिनदर्शिका भिंतीवर असतेच, पाहायला किती वेळ लागतो?

आता यातली गोम बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. भरती बाराला पुरी झाली की दुपारी तीन-चारच्या सुमाराला पाणी सगळ्यात जोरात मागे सरतं. आणि पाहुण्यांचा कार्यक्रम कसा असतो? जेवण, थोडी वामकुक्षी, आणि चारला समुद्रावर. नेमक्या ओढीच्या वेळी. म्हणून उधाणाच्या दिवसांत मुलांना दुपारी समुद्रात पाठवू नका. सकाळी वाळूत खेळू द्या.

दुसरी गोष्ट किनाऱ्यावर उभं राहून मुलांना दाखवा. लाटा दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा सपाट, गढूळसर, शांत दिसतो. मुलं तिथेच पाय टाकतात, कारण लाट अंगावर येत नाही. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत जात असतं. ती ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही खेचून नेते. तिच्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करून हाक मारायची, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडायचं. बाहेरच्या माणसाने उडी टाकू नये. दोरी, झाकण लावलेला रिकामा कॅन, टायरची ट्यूब, जे तरंगतं ते फेकावं. एकाला वाचवायला गेलेले दोघे, अशा बातम्या दर हंगामात येतात.

खाडीची तोंडं तर कायमची वर्ज्य समजा. देवबागला कर्ली मिळते तिथे, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, अंजर्ल्याला जोग. नदीचं पाणी, ओहोटीचं पाणी आणि हलणारी वाळू असं तिन्ही एकत्र येतं. काल गुडघाभर होतं तिथे आज डोक्यावरून जातं. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी धोक्याचे फलक आहेत. फलकाजवळ उभं राहून फोटो काढतात, वाचत मात्र कोणी नाही.

हवामान खातं आणि हैदराबादची इन्कॉईस संस्था उंच लाटांचे इशारे देतात. इथे वारा नाही, ऊन स्वच्छ आहे, तरी दूर समुद्रातल्या वादळाच्या लाटा येऊन आदळतात, म्हणून ‘आज तर समुद्र छान आहे’ यावर भरवसा ठेवू नका. १ जूनपासून मासेमारी बंद होते. ज्या दिवशी कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढल्या जातात, त्या दिवसापासून मुलांचंही पाण्यात जाणं बंद, असा आमच्या घरातला नियम आहे.

चिरेखाणींबद्दल बाहेरच्यांना काहीच माहीत नसतं. जांभा कापून उरलेले ते चौकोनी खड्डे पहिल्या पावसात भरतात. पाणी हिरवं, स्वच्छ, तलावासारखं दिसतं, पण उतार नाही. काठावरून पाऊल टाकलं की थेट खोल, आणि कापलेली भिंत सरळ असल्यामुळे वर यायला पकड नाही. घराच्या आसपास किती खाणी आहेत ते मेमध्येच फिरून पाहा आणि कुंपण नसेल तर ग्रामपंचायतीला लेखी द्या. परसातल्या विहिरीला कठडा नसेल तर निदान बांबूची ताटी बांधून घ्या.

७. साप, विंचू आणि काजूचा चीक

मुलं करवंदांसाठी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जातात. सड्यावरच्या कातळात, दगडांखाली आणि गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, फटीत फुरसं हा विषारी साप असतो. वीतभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, डिवचलं की अंगाला अंग घासून खरखर आवाज करणारं. मुलांना तीन सवयी लावा: दगड हाताने उचलायचा नाही, जाळीत आधी काठी घालायची, पायात चप्पल नव्हे तर बूट. रात्री पडवीत खाली झोपायची मजा असते, पण मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिचा दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे मुलाचं पोट दुखतंय, पापण्या उघडत नाहीत असं झालं तर सर्पदंशाचीच शंका धरा.

दंश झाल्यावर: मुलाला चालवू नका, हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा, अंगठी-पैंजण काढा, आणि निघा. आवळून दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने ओढणं, कोंबडी लावणं यांतलं काहीही नको. देवाला नारळ मूल घरी आल्यावर ठेवा. साप मारून पिशवीत नेण्याचीही गरज नाही. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. सुट्टी लागण्याआधी एक फोन करून ठेवा: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर ग्रामीण रुग्णालय किती लांब?

लाल विंचवाचं विष मुलांच्या हृदयावर जातं. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं की वाट पाहू नका. यावरचा प्रॅझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच भागात काम करून जगापुढे मांडला, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या सरकारी डॉक्टरांना हा उपचार माहीत असतो, तेव्हा उतारा टाकणाऱ्याकडे वेळ घालवू नका.

काजूच्या ओल्या बियांचा चीक कातडी भाजतो, आणि मुलं बिया विस्तवात टाकून भाजायला बसली की तेल फुटून डोळ्यांत उडतं. आधी हातांना खोबरेल लावा, आणि भाजायचं काम मोठ्यांनीच करा. आंब्याच्या देठाचा चीकही ओठांना लागला की आठवडाभर चट्टा राहतो.

८. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडे असाल तर

२०१६ पासून या पट्ट्यात माकडताप आहे. जंगलातल्या गोचिडींमुळे होतो, आणि हंगाम जानेवारी ते मे. काजूच्या बागेतून आल्यावर मुलांना गरम पाण्याने आंघोळ घाला, कपडे वेगळे भिजवा, कानामागे आणि काखेत गोचीड बघा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनविभागाला कळवा. ताप आला तर डॉक्टरांना ‘मूल जंगलात गेलं होतं’ हे आवर्जून सांगा.

९. वळीव आणि विजा

मेच्या शेवटी दुपारनंतर ढग जमतात. मुलं त्याच वेळी पडलेले आंबे वेचायला झाडाखाली धावतात. गडगडाट ऐकू आला की घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलमध्ये घ्या, आसपास वीज पडण्याची शक्यता असली की ते सांगतं.

१०. पावसाची तयारी आणि ‘उद्या शाळा आहे का?’

पाऊस दक्षिण कोकणात साधारण ७ जूनच्या सुमारास येतो, पण त्यावर विसंबू नका. २०२५ मध्ये तो २५ मेलाच देवगडपर्यंत आला होता. ‘निसर्ग’ वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आदळलं, ‘तौक्ते’ २०२१ च्या मेच्या मध्यात किनाऱ्याने गेलं. निसर्गमध्ये कितीतरी शाळांची छपरं उडाली. म्हणून शाळा उघडण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसोबत एक फेरी मारा. कौलं, पत्र्याचे हुक, लोंबकळणाऱ्या वायरी, अंगणावर वाकलेली फांदी, स्वच्छतागृहाचं दार, पाण्याची टाकी. फोटो काढून ग्रामपंचायतीला अर्ज द्या. ‘बघू’ म्हटलं तर पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मांडा.

अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, अनेकदा आदल्या रात्री उशिरा. लगेच ग्रुपवर पत्रांचा पूर येतो आणि त्यात मागच्या वर्षीचं पत्रही असतंच. पत्रावर तीन गोष्टी पाहा: तारीख आणि साल, जिल्ह्याचं नाव, जावक क्रमांक. रायगडचं पत्र रत्नागिरीला लागू नाही. खात्री होत नसेल तर वर्गशिक्षकांचा एक शब्द पुरे. उलट, सुट्टी जाहीर नसताना तुमच्या वाटेवरचा साकव, म्हणजे छोटा पूल, पाण्याखाली असेल तर मुलाला घरी ठेवायला कोणाच्या आदेशाची गरज नाही. फक्त शाळेला कळवा, शिक्षक हजेरीवर तशी नोंद घेतात. वाटेवरच्या पऱ्याला एक खूण ठरवा, अमुक दगड बुडाला की ओलांडायचं नाही.

डोंगराच्या पायथ्याला राहात असाल तर आणखी एक. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं आणि त्याच दिवशी महाडजवळ तळीयेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. जमिनीला नवी भेग, खांब किंवा झाडं कललेली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ, दारं चौकटीत अडकू लागणं, यांपैकी काही दिसलं तर पाऊस ओसरायची वाट न पाहता मुलांना घेऊन बाहेर पडा. निवाऱ्याची जागा बहुतेकदा शाळाच असते, म्हणून शाळेची एक किल्ली गावात कोणाकडे आहे ते आत्ताच विचारा.

११. जूनमधली जाण्यायेण्याची सोय

एसटीचा विद्यार्थी पास दोन तृतीयांश सवलतीत मिळतो, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत. अलीकडे एसटीचे लोक शाळेतच पास देतात, म्हणून शाळेने यादी आगारात पाठवली का ते पहिल्याच आठवड्यात विचारा. खासगी व्हॅन असेल तर चालकाचा परवाना, वाहनाचा विमा आणि फिटनेस मागायला लाजू नका. २०११ च्या स्कूलबस नियमांनी शाळेत परिवहन समिती बंधनकारक केली आहे, आणि मुली असतील तर गाडीत बाई हवी. सहा आसनी रिक्षात चौदा मुलं ही ‘सोय’ म्हणून खपवून घेतली जाते. मी तरी घेत नाही, त्यापेक्षा दोन घरांनी मिळून मुलं एकमेकांच्या सोबतीने पायी धाडलेली बरी.

१२. नंबर

- ११२: पोलीस, कुठलीही आणीबाणी
- १०८: रुग्णवाहिका
- १०९८: मुलांसाठी मदत
- १०७७: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष (मोबाईलवरून जिल्ह्याच्या एसटीडी कोडसह)
- १०९३: सागरी पोलीस
- १५५४: तटरक्षक दल
- १९१२: वीज, तुटलेली तार
- १९२६: वनविभाग, बिबट्या किंवा साप

याखाली तुमच्या आशाताईंचा, पोलीस पाटलांचा, वर्गशिक्षकांचा आणि गाडी असलेल्या दोन शेजाऱ्यांचा नंबर लिहा. मोबाईलमध्ये नव्हे, पुठ्ठ्यावर, जाड पेनने, आणि तो पुठ्ठा माजघराच्या दारामागे लावा. पावसात लाईट दोन-दोन दिवस नसते, चार्जिंग संपतं, आणि तेव्हा घरात असते ती आजी. तिला वाचता येईल एवढी अक्षरं मोठी काढा.